मोराल कंपनीत मोजा

महोदय,

सैन्याच्या मनोबलाचा, म्हणजे मोरालचा, विषय निघाला की चर्चा टक्केवारीपाशी अडते. जानेवारी २०२१ मध्ये तेच झाले. निम्म्याहून अधिक सैनिक तीव्र ताणाखाली आहेत, असे युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या संरक्षणविषयक अभ्यास संस्थेच्या अभ्यासात आले आणि नमुना जेमतेम ४०० जणांचा म्हणून लष्कराने ते मानले नाही. पण मोराल अख्ख्या सैन्याचे नसते, कंपनीचे, म्हणजे पलटणीतल्या एका तुकडीचे असते. एकाच पलटणीत (बटालियनमध्ये), शेजारशेजारच्या बराकींत ‘अल्फा’ आणि ‘चार्ली’ कंपनीचा जमीन-अस्मानाचा फरक असतो. तो पडतो कंपनी कमांडर आणि सीनियर जेसीओमुळे (जेसीओ म्हणजे नायब सुभेदार, सुभेदार वगैरे).

हा फरक रजिस्टरात दिसतो. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा. तीन महिन्यांत कुणाची रजा पुढे ढकलली आणि ऑफिसातल्या कुणाची कधीच ढकलली नाही, एवढे आधी काढा. मग रजेवरून उशिरा परतणारे पाहा. रूट मार्चच्या सकाळी सिक रिपोर्टची, म्हणजे आजारी म्हणून नोंद करणाऱ्यांची, रांग एरवीपेक्षा लांब लागते का, तेही पाहा. शून्य तक्रारींचा आकडा मात्र फसवा. सैनिक संमेलनात ‘कोई पॉइंट?’ विचारेपर्यंत पॉइंट, म्हणजे तक्रारी, कंपनी ऑफिसात चाळून झालेले असतात. उरते ती कॅन्टीनमधल्या साबणासारखी किरकोळ तक्रार.

प्रश्नावली कुठे फसते? नाव लिहू नका म्हणतात आणि हुद्दा, प्लाटून, सेवेची वर्षे विचारतात. तीसेक जणांच्या प्लाटूनमध्ये (कंपनीतल्या छोट्या तुकडीत) चौदा वर्षे सेवेचा नाईक एखादाच. म्हणजे नाव लिहिलेच की! वर फॉर्म गोळा करायला उभा कंपनी हवालदार मेजर. त्यापेक्षा दुसऱ्या ब्रिगेडचा माणूस आणावा. प्रश्न दहा-बाराच, मातृभाषेत, नुसती खूण करायचे. जवान, एनसीओ (नाईक, हवालदार), जेसीओ यांचे गठ्ठे वेगळे, आणि दहापेक्षा कमी फॉर्म आले तर त्या गटाचा निकाल काढूच नये. निकाल सीओच्या (पलटणीच्या प्रमुखाच्या) एसीआरला, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालाला, जोडू नये. जोडला, तर पुढच्या वर्षी सगळीकडे ‘सब ठीक, साहब’.

अग्निवीरांचे कोडे वेगळे आहे. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, तेही कामगिरीच्या मूल्यांकनावर. ते करणाऱ्या साहेबाविरुद्ध कोण लिहील? पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ अखेर भरतात. यादी लागून सुटकेचे कागद हातात पडले की बाहेर पडणाऱ्यांकडून फॉर्म भरून घ्यावेत, कंपनी ऑफिसात नव्हे, रेजिमेंटल सेंटरवर.

– एक निवृत्त सुभेदार, सातारा