अहवाल त्यांचा, खर्च आमचा

महोदय,

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांकडे (लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांकडे) हल्ली मोठ्या कंपन्यांकडून कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, ऑर्डरबरोबर लांबलचक प्रश्नावलीही येते. वीज किती वापरली, साच्यांची टाकाऊ वाळू कुठे टाकली, कार्बन किती? विचारणे गैर नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे, आणि त्यांच्या सुट्या भागांचे लोखंड वितळते ते आमच्याच भट्टीत. वापरलेली वाळू रस्त्याकडेला ओतणारे आमच्यातही आहेत, हे नाकारून चालणार नाही.

पण दर कोण ठरवतो? वाळू पुन्हा वापरता यावी म्हणून प्लँट बसवा, असे सांगणारी कंपनी पुढच्याच बैठकीत किलोमागे दर उतरवायला लावते. सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. पण पैसे थकले म्हणून तक्रार केली की पुढची ऑर्डर दुसऱ्याच्या दारात! प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीसही आम्हालाच, खरेदीदाराला नाही.

प्लँटच्या खर्चाचा वाटा खरेदीदारांनी दरात धरावा आणि ही मागणी उद्योजक संघटनांनी एकत्रितपणे करावी. एकेकट्याने बोलायला गेलो, तर कंपनी आपले पॅटर्न (साचे बनवण्याचे नमुने) उचलून शेजारच्या फौंड्रीत नेते.

– एक फौंड्रीचालक, शिरोली (जि. कोल्हापूर)