कॉम्प्युटरची सोपी लेव्हल मुलांना भलतंच बुद्धिबळ शिकवते

संपादक महोदय,

बुद्धिबळाच्या स्पर्धांवर पेपरात भरपूर येतं, पण घरी एकट्याने कॉम्प्युटरशी खेळणाऱ्यांबद्दल कुणी लिहीत नाही, आणि आता बरीचशी मुलं तशीच शिकतात म्हणून हे पत्र.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे, रोज प्रोग्रामच्या सोप्या लेव्हलवर खेळते आणि जिंकते. आम्ही खूश होतो. मग एकदा शेजारी बसून सलग तीनचार डाव बघितले तेव्हा लक्षात आलं की ती खेळतच नाहीये, नुसती वाट बघतेय. राजा कोपऱ्यात सुरक्षित ठेवायचा, उगाच चाली करत राहायच्या, प्रोग्राम कधीतरी हत्ती नाहीतर वजीर फुकट देतोच. माणसासमोर बसली की मात्र अडते, कारण समोरचा काही देतच नाही.

याचं कारण प्रोग्रामच्या आत आहे. स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा प्रोग्राम घ्या, फुकट मिळतो, त्यात ० ते २० लेव्हल असतात. लेव्हल कमी केली म्हणून तो शिकाऊ होत नाही, चांगल्या चाली त्याला दिसतच असतात, फक्त तो मधूनमधून मुद्दाम त्यातली कमजोर चाल निवडतो. म्हणजे दहा चाली मास्टरसारख्या आणि अकरावी अशी की पहिल्या दिवशीचं पोरही करणार नाही. माणूस असा चुकत नाही हो. माणसाच्या चुकीला कारण असतं. २००६ मध्ये बॉनला क्रामनिक, तेव्हाचा जगज्जेता, डीप फ्रिट्झ या प्रोग्रामविरुद्ध एका चालीतली मात बघायचा राहिला, वजीर ई३ या घरावर नेला आणि एच७ वर मात झाली. तो वजिरावजिरी, म्हणजे वजिराच्या बदल्यात वजीर, करायला निघाला होता, स्वतःच्या बेतात गुंतला होता. अशी चूक ओळखायला, तिची वाट अडवायला शिकणं हाच तर खेळ आहे, आणि सोप्या लेव्हलच्या चुकीमागे बेतच नसतो तर शिकणार काय?

पूर्ण ताकदीने खेळवावं तर जिंकणं अशक्य. १९९७ मध्ये तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन-अडीच असं हरवणाऱ्या डीप ब्लू या कॉम्प्युटरसाठी खास चिपा बनवाव्या लागल्या होत्या, सेकंदाला साधारण २० कोटी स्थिती तपासायचा तो, आणि आज फोनमधला प्रोग्राम त्याच्याहून जबरदस्त खेळतो.

आम्ही मग एक केलं, लेव्हल फुल्ल ठेवली आणि पटावरून त्याचा वजीरच काढून टाकला, स्थिती मांडायची सोय बहुतेक प्रोग्राममध्ये असते. तरी पहिले कितीतरी डाव त्याने मारले. पण हरताना कळत होतं कशामुळे हरलो ते, कारण त्याची प्रत्येक चाल खरी होती. आणि चाल मागे घ्यायचं बटण बंद, हिंटही बंद, यावर घरात रडारड झाली तरी मी ऐकलं नाही.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो शेवटच्या खेळाचा, म्हणजे पटावर मोजकीच मोहरी उरल्यावरच्या खेळाचा. राजा आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा. मग राजा आणि एक प्यादं. पांढरा राजा ई५ वर, प्यादं ई४ वर, काळा राजा ई७ वर मांडा. चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो, पांढऱ्याची असेल तर बरोबरी, पटावर बाकी काहीच बदललेलं नसताना! हे मी तिला दहादा सांगितलं असेल, पण कॉम्प्युटरने तिचं जिंकलेलं प्यादं दोन वेळा बरोबरीत अडकवलं तेव्हा ती स्वतःच घरं मोजायला लागली. इथे कॉम्प्युटरसारखा गुरू नाही, तो कंटाळत नाही, दया दाखवत नाही, शंभराव्या वेळीही तोच अचूक बचाव करतो.

म्हणून एक विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत एवढीशी जागा काढून एक स्थिती छापा, खाली फक्त ‘पांढऱ्याने जिंकायचं, समोर कॉम्प्युटर पूर्ण ताकदीने’ एवढंच लिहा. उत्तर छापू नका, चाल चुकली तर प्रोग्राम पटावरच दाखवून देईल.

आपला,
एक वाचक