एक रुग्ण, सात नमुने

संपादक महोदय,

कालच्या अंकातला ‘क्लेब्सिएलाचा मेरोपेनेमला प्रतिकार १० टक्क्यांनी वाढला’ हा मथळा आणि त्याखालचे दोन लालभडक खांब पाहिले. गेल्या वर्षी ४० टक्के, यंदा ५०. क्लेब्सिएला हा जंतू, मेरोपेनेम हे त्यावरचं अँटिबायोटिक. बातमीत सगळं आहे, फक्त कितीपैकी ते नाही. (४० चे ५० होणं म्हणजे १० टक्के नव्हे, २५ टक्के वाढ. पण ते राहू द्या.)

समजा, ३० रुग्णांच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) क्लेब्सिएला सापडला, त्यातले १२ प्रतिकारक. म्हणजे ४० टक्के. त्या बारांतला एक आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहे. ताप उतरेना म्हणून रक्त, लघवी, नळीतला स्राव असे त्याचे आणखी सहा नमुने लॅबला गेले आणि सहाही वेळा तोच जंतू आला. आता ३६ पैकी १८. झाले की तुमचे ५० टक्के! प्रतिकारक जंतूचा नवा रुग्ण एकही नाही. एकाच रुग्णाला पुन्हा पुन्हा मोजण्याची ही चूक सहसा आकडा फुगवते, कारण ज्याचा जंतू औषधाला दाद देतो तो बरा होऊन घरी जातो. त्याचं कल्चर पुन्हा कोण लावतंय? म्हणूनच सीएलएसआय या लॅबसाठी निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचं एम३९ हे मार्गदर्शक सांगतं: वर्षभरात एका रुग्णाचा त्या जातीचा पहिलाच जंतू मोजा, स्क्रीनिंगचे (आजारासाठी नव्हे, नुसता जंतू आहे का पाहायला घेतलेले) स्वॅब वगळा आणि असे मोजलेले जंतू ३० पेक्षा कमी असतील तर टक्केवारी काढू नका. हूनेट या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी पर्याय तयारच आहे. तो निवडायचा तेवढा असतो.

आणि ३० झाले म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही नाही. ३० पैकी १२ चा ९५ टक्के विश्वासांतर विल्सनच्या सूत्राने साधारण २५ ते ५८ टक्के येतो, म्हणजे खरं प्रमाण या पट्ट्यात कुठेही असू शकतं. दोन खांबांवरून कल कसला ठरवता? दर महिन्याचा बिंदू टाकून पी-चार्ट (प्रमाणाचा नियंत्रण-आलेख) काढा. सरासरी ४० आणि महिन्याला ३० रुग्ण धरले तर तीन सिग्माच्या मर्यादा (नेहमीचे चढउतार सहसा ज्यांच्या आत राहतात त्या) १३ आणि ६७ टक्के. त्यात ५० आरामात मावतात. मात्र सलग आठ बिंदू सरासरीच्या वर राहिले, तर मर्यादा न ओलांडताही कान टवकारावेत.

लॅबने मधल्या काळात निकष बदलले का, हेही विचारायला हवं होतं. सीएलएसआयने २०१० मध्ये क्लेब्सिएलाच्या गटातल्या जंतूंसाठी मेरोपेनेमची संवेदनशीलतेची मर्यादा ४ वरून १ वर आणली. जंतूची वाढ रोखायला लागणारं कमीत कमी औषध, म्हणजे एमआयसी, या मर्यादेपर्यंत असेल तरच तो संवेदनशील. एमआयसी ४ असलेला जंतू आदल्या दिवशी संवेदनशील होता, दुसऱ्या दिवशी प्रतिकारक. जंतू तोच. लॅबने नुसतं एस-आर (संवेदनशील की प्रतिकारक) न ठेवता मूळ एमआयसी जपून ठेवली असेल, तरच जुनी वर्षं नव्या निकषाने पुन्हा वाचता येतात.

जाता जाता: बातमीशेजारी कॅप्सूलचा फोटो छापलाय. मेरोपेनेम शिरेतून देतात.

— लॅबमधला एक वाचक