दोन्ही पंचनामे तुझ्याच अक्षरातले

चि. मनीषास,
आण्णांचा अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास त्याला आज चार दिवस झाले. मी दोनदा लावला, तू उचलला नाहीस. आई म्हणते जंगलात राउंडवर असेल, रेंज नसेल. मीही तसंच धरून चाललोय. फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून बाळूच्या हाती हे पत्र देतोय. सोबत शेंगदाण्याची चटणी आहे आणि नवी बॅटरी आहे. बॅटरी चार्जिंगची आहे, रोज लावत जा. रात्री गस्तीला एकटी जाऊ नकोस. हे शेवटी लिहायचं ठरवलं होतं, पहिल्याच पानावर लिहून बसलो.

अक्काचं ऑपरेशन नीट झालं. तांबडीला कालवड झाली. घरचं एवढंच.

मी तुला म्हणालो, बदली मागून घे, नाहीतर ते शिकारीचं प्रकरण मिटवून टाक. तू म्हणालीस, "आण्णा, तुम्हीपण?" आणि फोन ठेवलास. त्या दोन शब्दांनी मला रात्रभर झोप आली नाही. मी तसं का म्हणालो, ते तुला सांगितलंच नव्हतं. आता सांगतो, पण वाचून घाबरू नकोस आणि आईला सांगू नकोस, तिला पाव्हणे एवढंच माहीत आहे.

गेल्या शुक्रवारी दुपारी एक पांढरी गाडी दारात आली. दोघे उतरले, चांगल्या कपड्यातले, बोलायला गोड. पाणी मागितलं, चहा घेतला, बाळूला कुठं नोकरी लागली का विचारलं. मग एकानं सांगितलं की तुमची मुलगी हुशार आहे, पण नवीन आहे, मोठ्या माणसांची बदनामी होते, तुम्ही वडील आहात, समजावून सांगा. जाताना सातारी कंदी पेढ्यांचा पुडा खाटेवर ठेवून गेले. धमकी म्हणावी असा एक शब्दही बोलले नाहीत. पण गाडी वळवताना दुसरा खिडकीतून म्हणाला, "रात्रीची ड्युटी असते ना तिची? घाटातला रस्ता वाईट आहे." मने, तो शब्द माझ्या पोटात बसलाय. मी पुडा कोनाड्यात ठेवला, उघडला नाही. दुसऱ्या दिवशी दोऱ्याच्या गाठीपाशी मुंग्यांची रांग लागली होती. मी नुसता बघत उभा राहिलो, आणि रविवारी तुला ते बोललो.

आता तुझ्या केसबद्दल. तू सांगितलंस तेवढंच मला कळलंय. फार्महाऊसच्या खालच्या वळणावर तू आणि तुझा वनमजूर, दोघांनी गाडी अडवली. थर्माकोलच्या पेटीत बर्फ, आणि बर्फात दोन पिसोऱ्या. पिसोरी मी आयुष्यात एकदाच बघितली आहे, चांदोलीच्या वरच्या अंगाला. सशाएवढं, हरणासारखं जनावर, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी, पाय बोरूसारखे. कान हलला म्हणून दिसली, नाहीतर पाचोळ्यातून वेगळी ओळखू आली नसती. तिला सर्चलाईटमध्ये धरून बंदूक चालवायची, आणि तीही भुकेपोटी मारलेली नाही. तुझ्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला, तीन वर्षांच्या खाली शिक्षा नाही आणि सात वर्षांपर्यंत जाते, हे तूच मला परीक्षेच्या वेळी पाठ म्हणून दाखवलं होतंस. गाडीतले ते चौघे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जामिनावर घरी गेले. पुण्याहून तीन वकील आले होते म्हणालीस.

आणि त्याच्या आधल्या आठवड्यात तू धनगरवाड्यावरचा एकोणीस वर्षांचा पोरगा धरलास, वाघर म्हणजे सशाचं जाळं, ते आणि एका सशासकट. तो अजून आत आहे. जामीन झालाय, पण जामीनदाराचा सातबारा कोणाकडे आहे? गवळी धनगरांची घरं जंगलात, जमीन नावावर नाही. चोवीस दिवस झाले म्हणालीस. "आण्णा, दोन्ही पंचनामे माझ्याच अक्षरातले आहेत," असं तू म्हणालीस तेव्हा तुझा आवाज फाटला. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बदलीचं काढलं. माझं चुकलं.

पोरा, हे तुझ्यापासून सुरू झालेलं नाही. आपल्या शिराळ्याचंच बघ. तुझे चुलत आजोबा, आपले आबा, नागमंडळात होते. नागपंचमीच्या आधी पंधरा दिवस माणसं काठी-कुदळ घेऊन बांध धुंडाळायची, नाग मडक्यात ठेवायचा, बायका त्याला भावासारखं ओवाळायच्या, अंबाबाईच्या देवळात नेऊन परत सोडायचा. गोरक्षनाथांपासून चालत आलंय असं सगळं गाव मानतं. कोर्टात 2002 साली याचिका गेली, आणि 2014 पासून जिवंत नाग धरणं बंद झालं. नागाचे हाल होत होते हे मी नाकारत नाही, दात-तोंड दुखावायचे. बंद झालं ते बरंच झालं असं मी म्हणतो, आबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. पण त्यांनी ऐकलं. पंचमीला मातीचा नाग पुजला, आणि रिकामं मडकं माळ्यावर पालथं घातलं, ते अजून तिथंच आहे. कायदा आमच्या माळ्यावरच्या मडक्यापर्यंत आला, त्याला तिथं यायला काही अडचण पडली नाही. फार्महाऊसच्या फाटकाशी मात्र त्याला वॉचमन विचारतो, कोण पाहिजे. याचाच मला राग येतो, आणि त्या रागापायीच तुझी काळजी वाटते. तू त्या फाटकाशी रात्री एकटी उभी राहतेस.

तुला आठवतं का, 2018 च्या एप्रिलात तुझी बारावी नुकतीच संपली होती. टीव्हीवर सलमान खानच्या काळवीट खटल्याचा निकाल लागला. गुन्हा 1998 च्या ऑक्टोबरातला, जोधपूरजवळच्या कांकाणी गावचा. निकाल 5 एप्रिल 2018 ला, पाच वर्षांची शिक्षा. 7 तारखेला जामीन, म्हणजे दोन रात्री तुरुंगात. बरोबरचे नट-नट्या संशयाचा फायदा मिळून सुटले. त्यानं अपील केलं, तो त्याचा हक्कच आहे. बाळू म्हणाला, बघा, मोठ्या माणसाला काही होत नाही. मी पण मान हलवली. नवाब पतौडींचंही तसंच, 2005 साली झज्जरकडे काळविटाची केस झाली, आणि खटला चालू असतानाच 2011 ला ते वारले. तू मात्र वेगळंच विचारलंस. "आण्णा, त्या बिश्नोई लोकांनी वीस वर्षं साक्ष कशी टिकवली?" मी म्हणालो, त्यांचा धर्मच तसा आहे, खेजडीच्या झाडांसाठी 1730 साली त्यांच्या 363 माणसांनी जीव दिला. तू ते वहीत लिहून घेतलंस. मी उठून गोठ्यात गेलो. तू तेव्हा मागे आली नाहीस ते बरं झालं.

का उठलो ते आता लिहितो. आईला माहीत आहे, तुम्हा भावंडांना कधी सांगितलं नाही.

तुझा जन्मही झाला नव्हता. ओढ्याच्या वरच्या रानात भेकर मारलं होतं. फॉरेस्टच्या गार्डसाहेबांनी पोत्यातून मुंडकं आणि खुर काढले, ठासणीची बंदूक जप्त केली, आणि मला लिहिता-वाचता येतं म्हणून पंच म्हणून बोलावलं. मी समोर उभा होतो. मी पोतं हातानं धरलं होतं, ओलं होतं. पंचनामा वाचून सही केली. मारणारा कोण होता ते नाव लिहीत नाही, तो आता नाही आणि त्याची नातवंडं इथं नांदतात. त्याचं त्या वेळी साखर कारखान्याच्या गटऑफिसात वजन होतं. केस पाच वर्षांनी बोर्डावर आली, 2002 च्या फेब्रुवारीत. आपला दोन एकर ऊस उभा होता, तोड येईना. कारखान्याचा स्लिपबॉय रोज म्हणायचा उद्या. साक्षीच्या आधी तीन दिवस निरोप आला की साक्ष झाली की ऊसतोडीची टोळी येईल. तू वर्षाची होतीस.

मी कोर्टात उभा राहिलो आणि म्हणालो, सही माझी आहे, पण माझ्यासमोर काही घडलं नाही, कोऱ्या कागदावर सही घेतली. सरकारी वकिलांनी मला फितूर जाहीर केलं, तो शब्द मोठ्यानं उच्चारला गेला. दुसरा पंचही फिरला. आरोपी सुटला. चौथ्या दिवशी टोळी आली.

संध्याकाळी मुक्कामाच्या एसटीत मी चढलो तर गार्डसाहेब आधीच बसलेले. दुसरी जागाच नव्हती, त्यांच्या शेजारी बसावं लागलं. कंडक्टर आला. त्यांनी पैसे काढले आणि म्हणाले, "दोन कोकरूड." माझं तिकीट माझ्या हातात दिलं. तासभर एक शब्द बोलले नाहीत. पुढं त्यांची बदली झाली, मला त्यांचा पत्ताही माहीत नाही. तू वनरक्षकाची परीक्षा पास झालीस, पेढे वाटले, त्या दिवशी मला ते तिकीट आठवलं.

म्हणून सांगतो, तुझी केस कोर्टात पडली तर ती तुझ्या अक्षरानं पडणार नाही, माझ्यासारख्या माणसामुळं पडेल. पंच कोण घेतलेत ते बघ. गावातला घेतला असेल तर त्याचा ऊस कुठं जातो, पोरगा कुठं कामाला आहे, कोणाचं कर्ज आहे, हे माहीत करून घे. त्याला भेटत जा, तारखेची वाट बघू नकोस. जबाब सहायक वनसंरक्षक साहेबांसमोरच होऊ देत, तो पुराव्यात चालतो. मांस ज्याच्या ताब्यात सापडलं त्यानंच आपण निर्दोष असल्याचं दाखवायचं असतं, ते 57 कलम सरकारी वकिलांना आठवण करून दे. सील, वजन, फोटो, वेळ... पुरे. तू हे शिकून नोकरीला लागलीस आणि मी फितूर झालेला माणूस तुला शिकवतोय. माफ कर.

पण एक मात्र कर. शिराळ्याच्या वकिलांना मी त्या धनगराच्या पोराचं विचारलं. ते म्हणाले 1978 साली सुप्रीम कोर्टात असंच झालं होतं. मोतीराम नावाचा मध्य प्रदेशातला गवंडी, दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ जामीनदार चालेना. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला लावलं. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केला तर कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो. त्याच्या आईला एवढं सांग. तुझ्या कामाला त्यानं बाध येत नाही. त्यानं ससा धरला, त्याची शिक्षा कोर्ट देईल ती देईल. पण सातबारा नाही म्हणून आत बसणं ही कुठल्याच कलमात लिहिलेली शिक्षा नाही.

तुझी भरती मला रोज आठवते. तीन किलोमीटर धावायचं होतं, तू धरणाच्या रस्त्यानं पहाटे पळायचीस आणि मी सायकलवर मागे, पुढच्या चाकाच्या डायनामोचा उजेड तुझ्या पाठीवर. तू म्हणायचीस आण्णा, पुढं या, रस्ता दिसत नाही. सोळा किलोमीटर चालायच्या चाचणीला तू चप्पल बदलून आलीस, अंगठ्याला फोड होता, कोणाला सांगितलं नाहीस. खाकी घालून पहिल्यांदा दारात आलीस तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, पोरगी की पोरगा? मला तेव्हा बोलता आलं नाही.

बदलीचं मी मागं घेतो. मिटवायचंही मागं घेतो. भीती मात्र मागं घेता येत नाही, ती आहे तशी आहे. रात्री दोघं असल्याशिवाय घाटात उतरू नकोस. वायरलेस बंद असेल तर निघूच नकोस. कोणी गाडी आडवी लावली तर खाली उतरू नकोस. परत तेच लिहितोय, कळतंय मला.

त्या पांढऱ्या गाडीचा नंबर मी कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलाय, तारीख आणि वेळेसकट. पेढ्यांचा पुडा तसाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलाय, दोरा सोडलेला नाही. तुझ्या साहेबांना विचार, माझा जबाब घेणार असतील तर मी येतो. बोलावलं त्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघतो, दहाला कराड, पुढं तुझ्याकडं. सही करीन. पुढं कोर्टात विचारलं तर सही माझी आहे म्हणेन, आणि कोण आलं, काय बोललं, ते सगळं सांगेन. ऊस यंदा कमीच आहे.

आई म्हणते चटणी डब्यातून काढून बरणीत ठेव, नाहीतर खवट होते. उत्तर बाळूच्या हाती दिलंस तरी चालेल. फोन केलास तर जास्त बरं.

तुझा,
आण्णा

ता. क. बॅटरी अंधारात लावून बघितली, आपल्या परड्यापासून ओढ्यापर्यंत उजेड जातो.