बिनकामाचं नागपूर

भिवापूर तालुका, जि. नागपूर
आषाढ अखेर

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज पोचला. दिवाळीच्या सुट्टीत पोट्ट्यांना एखादं मोठं शहर दाखवायचं, मुंबई बरी की पुणं, असं विचारलंस. उत्तर मोबाईलवरच लिहायला घेतलं होतं, पण अंगठ्यानं एवढं सगळं लिहिणं काही आपल्याच्यानं होत नाही. म्हणून कागद काढला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, भांडायचं असेल तर मग भांड. मुंबई राहू दे. नागपूर दाखव. आणि दिवाळीत नको, पोळ्याला ये.

"नागपूर तर पाहूनच आहे," असं वहिनी म्हणतील. काय पाहिलं गा आपण नागपूर? मेडिकलच्या वॉर्डाबाहेर सतरंजी टाकून झोपलो. काकांच्या वाटणीच्या केसमध्ये हायकोर्टाच्या तारखांना हिंडलो. लग्नाचा बस्ता घ्यायला इतवारी पालथी घातली, कळमन्याला माल उतरवला, आणि दर वेळी शेवटची गाडी चुकू नये म्हणून पळत स्टँड गाठलं. आपल्याकडच्या माणसाला नागपूर म्हटलं की पोटात गोळाच येतो. कोणी आजारी आहे, नाहीतर कोणी भांडलं आहे. नुसतं पाहायला म्हणून आपण कधी गेलोच नाही. मागच्या पोळ्याला बायको-पोरांना घेऊन मी तसा गेलो, हातात ना फाईल ना पिशवी, तेव्हापासून हे डोक्यात आहे.

पोळ्याला काहून ये म्हणतो, तर दुसऱ्या दिवशीच्या मारबतीसाठी. आपल्या गावात मारबत म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पोळ्याच्या संध्याकाळी दाराशी पळसाच्या फांद्यांचे मेढे ठेवायचे, पहाटे अंधारात ते उचलून "घेऊन जा गे मारबत" ओरडत शिवेबाहेर फेकून यायचं. खोकला जा, खाज जा, ढेकूण जा, मच्छर जा. आता हीच गोष्ट अख्ख्या इतवारी-महालानं केली तर कशी दिसेल? बांबूच्या कामट्यांवर कागद चढवून केलेल्या दोन बायका, घराच्या माळ्याला डोकं लागेल एवढ्या उंच. एक काळी, एक पिवळी. काळी 1881 पासून निघते आणि पिवळी 1885 पासून, असं तिथली मंडळी सांगतात. पिवळी जागनाथ बुधवारीतले तऱ्हाने तेली समाजाचे लोक घडवतात. काळीबद्दल दोन गोष्टी ऐकायला मिळतात. कोणी म्हणतं ती पूतना, कोणी म्हणतं इंग्रजांना जाऊन मिळालेली भोसल्यांकडची बांकाबाई. मला दुसरी आवडते. राजघराण्यातली असली तरी फितुरी केली म्हणून तिला दरसाल रस्त्यावर काढून शिव्या घालायच्या, असा हिशेब दुसऱ्या कुठल्या शहरानं मांडलेला मला तरी माहीत नाही.

पण पोट्ट्यांना मारबतीपेक्षा बडगे आवडतील. बडगे म्हणजे त्या साली ज्याचा ज्याचा लोकांना राग आला त्याचे पुतळे. महागाई, पेपरफुटी, खड्डे, पुढारी, कोणाचीच सोय नसते. आम्ही उभे होतो तिथून एक बडग्या चालला होता, त्याच्या गळ्यात खऱ्याखुऱ्या कांद्यांची माळ. मिरवणुकीतलाच एक पोरगा चालता चालता त्यातला एकेक कांदा तोडून गच्चीवरच्या बायकांकडे भिरकावत होता, आणि त्या पदरात झेलत होत्या. पुढच्या चौकात पोचेस्तोवर बडग्याच्या गळ्यात नुसती सुतळी उरली. माझी लहानी अजून तो कांदेवाला सांगते. वाघ-सिंह पाहिले ते विसरली.

गर्दी मात्र भयंकर असते. पोट्ट्यांचा हात सोडू नको, आणि इतवारीच्या गल्लीत शिरायच्या भरीस पडू नको. मोठ्या रस्त्यावर एखाद्या दुकानाच्या ओट्यावर जागा धरून बैस. दुकानदार चहा विचारतात, काही नाही म्हणत नाहीत.

तिथूनच जवळ चितार ओळ, मूर्तिकारांची गल्ली. गणपती तीनच दिवसांवर आलेले असतात, त्यामुळे ओळीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. मूर्ती रंगवून झालेल्या, पण डोळे व्हायचे राहिलेले. एक म्हातारा कारागीर बसला होता, त्याच्याकडे बाकीचे लोक फक्त डोळ्यांसाठी मूर्ती आणून ठेवत होते. ब्रश इतका बारीक की त्याला दोन-चारच केस असतील. श्वास रोखायचा, एक रेघ, श्वास सोडायचा, पुढची मूर्ती. आम्ही अर्धा तास उभे राहिलो, त्यानं मान वर केली नाही. याला तिकीट नाही, पाटी नाही. पण प्रदर्शन म्हणून विचारशील तर मी हेच पहिलं सांगीन.

आता खऱ्या म्युझियमचं. अजब बंगला तू शाळेच्या सहलीत पाहिला असशील, म्हणजे पेंढा भरलेला वाघ पाहून बाहेर आला असशील. सगळे तेच करतात. सरकारी नाव मध्यवर्ती संग्रहालय, 1863 सालचं; मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याच्या काळात सुरू झालं. सोमवारी बंद, हे ध्यानात ठेव. या खेपेला वाघापाशी फार थांबू नको, जुन्या लेखांकडे चल. माझा भाचा इतिहासात एम.ए. करून राहिला, तो सोबत होता म्हणून मला त्यातलं थोडंफार कळलं.

आपल्या विदर्भावर दीड हजार वर्षांपूर्वी वाकाटकांचं राज्य होतं. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे त्यांची राजधानी नंदिवर्धन. त्यांची दानपत्रं तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली, पत्रे कडीत ओवलेले, कडीवर राजाची मुद्रा. अक्षरं अशी की प्रत्येकाच्या डोक्यावर एक चौकोनी पेटी. नागपूरच्याच वा. वि. मिराशींनी जन्मभर हे लेख वाचले, आणि 1963 साली त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. मी भाच्याला म्हटलं, राजाची स्तुती सोड, पुढं काय लिहिलं ते सांग. तर पुढं काय असावं? आपला सातबारा! गाव अमुक, त्याच्या पूर्वेला तमुक गाव, पश्चिमेला तमुक. मग सवलती. या गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत. इथली फुलं आणि दूध कोणी मागणार नाही. मिठाची खोदाई माफ. आणि गाई-बैल कोणी ओढून नेणार नाही.

तो बैलांचा मुद्दा ऐकून मी तिथंच थबकलो. आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावून आलेला माणूस मी. गावचे बैल नेऊ नका हे राजाला तांब्यावर कोरून द्यावं लागलं, म्हणजे एरवी नेतच असतील की नाही? आणखी एक. दान कोणाला मिळालं त्याचं नाव, गोत्र, शाखा सगळं आहे. त्या जमिनीत नांगर कोण धरत होता, त्याचं नाव नाही. हे मी भाच्याला म्हटलं तर तो म्हणे, मामा, तुम्ही पीएच.डी. करा. मी म्हटलं, आधी सोयाबीनचा विमा येऊ दे.

आदिवासींचं दालनही आहे, तिथं वहिनींना घेऊन जा. दागिने आहेत. माझी आई एका काचेपुढे उभी राहून शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, अशीच गोठ माझ्या सासूची होती, ती दुष्काळात मोडली. ती शहरातली बाई मोबाईल खाली ठेवून ऐकत होती.

मोतीबागेतल्या नॅरोगेज म्युझियममध्ये मात्र तुला मी स्वतः घेऊन जाणार. 2002 साली उघडलं ते. कडबी चौकाकडून जवळ पडतं, हेही सोमवारी बंद. अडीच फुटांच्या रुळांवरची जुनी इंजिनं, डबे, सिग्नलचे कंदील, बंगाल नागपूर रेल्वेच्या काळचं सामान. पोट्ट्यांसाठी बागेत फिरणारी छोटी गाडी. पण आपल्यासाठी ते म्युझियम आहे का रे? इतवारी-नागभीड गाडी 2019 च्या नोव्हेंबरात बंद झाली. मोठी लाईन होणार म्हणून रूळ उखडले. त्याच्या आदल्या हंगामापर्यंत भिवापूरच्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरची निवडायच्या जागांवर, देठ तोडायला जाणाऱ्या बाया तिच्यातूनच जात. आठवतं ना, मिरचीची पोती डब्यात चढली की उमरेडपर्यंत सगळा डबा शिंकत राहायचा? टीसी रुमाल नाकाला लावून यायचा आणि तिकीट न पाहताच पुढं जायचा. ती गाडी आता हात न लावता पाहायची. माझ्या पोरानं विचारलं, बाबा, तुम्ही खरंच यात बसत होते? मी म्हटलं, बसत नव्हतो, लटकत होतो. तुझ्याकडच्या शकुंतला रेल्वेचंही पुढं असंच काही होणार, तेव्हा यवतमाळ-मूर्तिजापूर रूळ जागेवर आहेत तोवर पोरांना दाखवून ठेव.

बाकीचं भराभर सांगतो. रमण विज्ञान केंद्र गणेशपेठ स्टँडच्या अगदी जवळ, गांधीसागर तलावासमोर. आत तारांगण आहे. मराठी खेळ किती वाजता ते तिकीट काढतानाच विचारून घे. पोट्टे तिथून निघायचं नाव घेत नाहीत, त्यामुळे ते दुपारी ठेव. सीताबर्डीचा किल्ला एरवी लष्कराच्या ताब्यात, लोकांना 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी आत जाता येतं. 1817 साली तिथं भोसल्यांची इंग्रजांशी लढाई झाली आणि नागपूरचं राज्य गेल्यातच जमा झालं. या खेपेला जमणार नाही, खालूनच दाखव. मेट्रोत बसव, कुठंही जायचं नसलं तरी बसव. माझ्या आईला सगळ्या नागपुरात तीच आवडली, कारण "कोणी ढकलत नाही".

दीक्षाभूमीला जायचंच. 14 ऑक्टोबर 1956 ची ती जागा पोरांना पुस्तकात एका ओळीत शिकवतात. स्तूपाच्या आत उभं राहून वर पाहिलं की मध्ये एकही खांब नाही, हे त्यांना स्वतःला कळू दे. विजयादशमीची गर्दी पाहायची तर वेगळी खेप कर, एकटा ये. तुझ्यासारख्या वाचणाऱ्यानं त्या दिवशी पुस्तकांच्या रांगांमधून चालायलाच पाहिजे. डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन आलेली माणसं पुस्तकांची थैली घेऊन परत जाताना दिसतात. तेव्हा आलास तर चिचोलीच्या शांतिवनातही जाऊ, तिथं बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत.

हिवाळ्यातल्या ॲग्रोव्हिजन या शेतीच्या प्रदर्शनाबद्दल विचारशील, म्हणून सांगतो. यंत्रं पाहायला बरं आहे, पण आपले लोक तिथं स्टॉलवरच्या फुकट पिशव्या गोळा करत हिंडतात, मीही हिंडतो. बायकोच्या मते वर्षभराच्या बाजाराच्या थैल्या निघतात, तेवढा फायदा आहे. त्याच मोसमात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा क्राफ्ट मेळा लागतो. कारागीर समोर बसून काम करतात आणि रात्री नाच-गाणं असतं. खर्च मात्र जपून, मातीचा हत्ती घरी येईस्तोवर तीन पायांचा होतो.

तर बेत असा. पोळ्याच्या आदल्या रात्री यवतमाळ-वर्धा करत माझ्याकडे ये. पोळा गावातच करू. आता माझ्याकडे एकच जोडी उरली आहे, बाकी ट्रॅक्टर, पण तोरणाखाली ती उभी राहते अजून. दुसऱ्या दिवशी मेढे फेकून पहिल्या एसटीनं निघू. मारबत पाहू, चितार ओळ करू, आणि संध्याकाळी मानेवाड्याला मावसबहिणीकडे मुक्काम. त्यांच्या गल्लीत तान्हा पोळा जोरात होतो. पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरतात आणि बोजारा मागतात. तुझ्या पोट्ट्यांना पाच-दहा रुपये नाही मिळाले तर नाव बदलीन. त्याच्या दुसऱ्या दिवशी अजब बंगला, मोतीबाग आणि दीक्षाभूमी. सोमवार येत असेल तर कॅलेंडर पाहून आधी कळव, एक दिवस पुढं ढकलू. जेवणाची चिंता करू नको. सकाळी तर्री-पोहे, रात्री बहिणीकडे. सावजीला जायचं तर आपण दोघंच जाऊ, वहिनींना रस्सा सोसायचा नाही.

कॉलेजात तुझ्या मोठ्याची अॅडमिशन, किंवा तुझ्या वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन, यातलं काहीही या खेपेत घुसवायचं नाही. "आलोच आहे तर तेवढं उरकून घेतो" असं म्हटलंस की मी परत गावाला निघून येईन, खरंच सांगतो. त्या कामांना वेगळं ये, मी सोबत येतो.

काका-काकूंना नमस्कार. वहिनींना सांग, यंदाचं मिरचीचं तिखट दळून ठेवलं आहे, डबा घेऊन याल तर भरून नेता येईल.

तुझा,
जुना डब्यातला सोबती

ता. क. पोट्ट्यांसाठी लाकडी बैल तिकडून विकत घेऊ नको. आमच्या सुताराला दोन सांगून ठेवले आहेत, सागाचे, चाकांचे. झूल आणि बेगड वहिनींच्या आवडीनं लावू. मोठ्याला आता बैल धरायची लाज वाटत असेल तर तसं कळव, म्हणजे एकच घडवायला सांगतो.