‘वकीलसाहेब, किती लागेल?’

मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री यांस,
स.न.वि.वि.

तालुक्याच्या कोर्टात मी फौजदारी वकिली करतो. घरफोडीतल्या एका पोराची आई दर तारखेला विचारते, “वकीलसाहेब, किती लागेल?” मी म्हणतो, भारतीय न्याय संहितेचं कलम 305, राहत्या घरातली चोरी, सात वर्षांपर्यंत. “ते जास्तीत जास्त झालं हो. पण लागेल किती?”

याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि कायद्यातही नाही. ‘पर्यंत’ म्हणजे एक दिवसाची साधी कैदही चालते, सात वर्षांची सक्तमजुरीही. आरोपी दोषी ठरला की शिक्षेच्या मुद्द्यावर त्याला ऐकायचं असतं. माझ्या कोर्टात हे ऐकणं दहा मिनिटांत उरकतं: पहिलाच गुन्हा, आईवडील म्हातारे, लेकरं लहान. (हे पाठ झालंय मला. न्यायाधीशांनाही.) मग आकडा येतो. तोच का, हे क्वचितच कळतं.

सदोष मनुष्यवधाचं, म्हणजे खून न ठरणाऱ्या हत्येचं, कलम 105 बघा. हेतू असेल तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं. पाच वर्षं कुठे आणि जन्मठेप कुठे! त्यातून कशी निवड करायची, यावर संहिता गप्प.

1 जुलै 2024 ला नवी संहिता आली तेव्हा ही निवड कशी करायची ते ठरवता आलं असतं. ते राहिलं, काही कमाल मर्यादा मात्र वाढल्या. निष्काळजीपणाने मृत्यूला दोनाची पाच वर्षं झाली. फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी नेमलेल्या मलिमथ समितीने 2003 मध्येच शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं मागितली होती. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या एका खटल्यात आपल्याच मंत्रालयाला शिक्षेचं सर्वंकष धोरण आणण्याचा विचार करायला सांगितलं.

अमेरिकेची नक्कल नको. टेक्सासमध्ये गंभीर गुन्ह्यांना दर्जे आहेत, पण पहिल्या दर्जाला 5 ते 99 वर्षं किंवा जन्मठेप! आपल्यापेक्षा ते काय वेगळं? इंग्लंडची पद्धत बरी. तिथे नुकसान किती आणि दोष किती, यावरून मार्गदर्शक तत्त्वांत सुरुवातीचा आकडा ठरतो. त्या तत्त्वांबाहेर जायचं, तर न्यायाधीशाला कारण सांगावं लागतं. किमान शिक्षा सरसकट लादाल तर मात्र न्यायाधीशाचे हातच बांधाल. ते मी मागत नाही.

सुरुवात चोरी आणि मारहाणीपासून करा. आमच्या बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या खटल्यांच्या यादीत, रोज तेच असतं.

आपला,
एक तालुका वकील