दम्याच्या पेशंटजवळ सिस्टरला दहा मिनिटं बसू द्या

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जागतिक सीओपीडी दिवस असतो (सीओपीडी म्हणजे फुफ्फुसं खराब होऊन कायम दम लागण्याचा आजार, आमच्याकडे त्यालाही दमाच म्हणतात), तेव्हा सगळ्या पेपरांत बिडी सोडा, धूर टाळा, मास्क लावा असं छापून येतं आणि ते बरोबरच आहे, पण ज्यांच्या घरात हा आजार आधीच येऊन बसलाय त्यांनी काय वाचायचं? फुफ्फुसाचं जे नुकसान झालं ते भरून येत नाही, पंपानं, म्हणजे तोंडानं ओढायच्या औषधानं, फक्त आराम पडतो, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं. पण या आजारात माणूस दम लागण्याइतकाच घाबरण्यानं खचतो हे कोणी सांगितलं नाही.

माझ्या सासूबाईंनी जन्मात बिडी ओढली नाही. चूल ओढली म्हणा. आमच्या अमळनेर तालुक्यात कापूस निघाला की पऱ्हाट्या घरी येतात, वर्षभर त्याच जळतात, भरीताची वांगी त्यावरच भाजायची आणि आखाजीला खापरावरचे मांडे करायचे म्हणजे बाईनं सकाळपासून धुरात तोंड घालून बसायचं. गॅस आला तरी पाणी तापवायला चूल आहेच. त्यामुळे हा आजार फक्त बिडीवाल्या म्हाताऱ्यांचा असं जे समजतात त्यांनी एकदा ओपीडीत बसलेल्या बायका बघाव्यात.

तर आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, काय व्हायचं, रात्री उठून मोरीपर्यंत गेल्या की दम लागायचा, दम लागला की "मन्हा जीव घाबरस, मन्हा जीव घाबरस" सुरू, मग त्या भराभर श्वास घ्यायच्या आणि दम अजून वाढायचा. आम्हाला वाटायचं अटॅक आला, गाडी काढा. नंतर कळलं की या आजारात हवा आत जाते पण बाहेर लवकर निघत नाही, घाईघाईनं श्वास घेतला की आधीची हवा आतच अडकून राहते, छाती भरलेलीच असते मग नवीन श्वासाला जागा कुठून मिळणार. म्हणजे भीतीनं दम खरोखरच वाढतो, ते नाटक नाही. आणि घाबरून पंप पुन्हा पुन्हा मारला तर त्या औषधानं हात थरथरतात, छाती धडधडते, की पेशंटला वाटतं आता गेलोच. पुढे पुढे तर आईंनी दम लागेल या भीतीनं चालणंच सोडलं, लग्नाला नाही, देवळात नाही, ओट्यावर पण नाही. न चालल्यानं पायातली ताकद गेली आणि मग दोन पावलांतच दम. घरात आम्ही काय म्हणायचो, तर "काही होत नाही, उगीच घाबरता".

हे सगळं समजावलं ते एका सरकारी दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या सिस्टरनं. वॉर्ड भरलेला होता, तरी ती आईंच्या खाटेवर येऊन बसली, हात धरला आणि "मावशी, घाबरू नका" असं न म्हणता "मावशी, भीती वाटतेय ना, वाटणारच, आता माझ्यासोबत श्वास सोडा" असं म्हणाली. पुढे वाकून हात गुडघ्यांवर टेकवायचे, नाकानं श्वास घ्यायचा, ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करून घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून हळूहळू सोडायचा. तोंडावर पुठ्ठ्यानं वारा घालायचा, गार वारा गालाला आणि नाकाला लागला की दम लागल्याचं वाटणं कमी होतं. आणि घरच्यांनी गराडा घालून आरडाओरडा करायचा नाही, एकानंच जवळ बसायचं. ती निघून गेली नसती का दुसऱ्या पेशंटकडे, तिला काय कमी काम होतं, पण ती बसली. त्याआधी एका मोठ्या दवाखान्यात आम्ही भरपूर पैसे भरले, वाफ दिली, सलाईन लावलं, आणि तिथं एकानं आईंना वरून ऐकवलं की आजी तुम्ही फार टेन्शन घेता. झालं.

माझं म्हणणं सिस्टर लोकांविरुद्ध अजिबात नाही. नर्सिंगच्या अभ्यासात मानसशास्त्र शिकवतात, मानसिक आरोग्याचा विषय असतो, त्यांना येतं. पण ड्युटीवर रजिस्टर, ऑनलाइन एन्ट्री, इंजेक्शनं आणि वर नातेवाइकांची भांडणं, यात पेशंटशी बोलणं हे काम म्हणून कुठं लिहिलेलंच नाही. जे लिहिलेलं नाही त्याला वेळ कोण देणार?

आणि लिहिलेलं असलं तरी काय होतं ते पण सांगते. तिशीच्या पुढच्या लोकांचा आशाताई घरी येऊन सीबॅक फॉर्म, म्हणजे तब्येतीच्या सरकारी तपासणीचा कागद, भरतात. त्यात स्वयंपाकाला कोणतं सरपण वापरता, दम लागतो का, हे विचारलेलं असतं आणि शेवटी मनाबद्दल दोन प्रश्न असतात, कशात रस वाटत नाही का, उदास निराश वाटतं का. म्हणजे एकाच कागदावर चूल पण आहे, दम पण आहे आणि मन पण! पण आमच्या ओट्यावर सगळ्या गल्लीसमोर सून-मुलगा उभे असताना म्हातारी सांगेल का की मला जगू नये असं वाटतं? ती म्हणते सगळं चांगलं आहे माय, चहा घे. हे दोन प्रश्न सिस्टरनं दवाखान्यात पंपाचं औषध देताना, नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारले तर खरं उत्तर निघेल. त्याच वेळी पंप कसा ओढतात ते बघून घ्यावं (अर्धे लोक तोंडातच उडवतात असं मला तरी दिसतं), श्वास सोडायचा सराव करून घ्यावा. एवढ्याला दहा मिनिटं लागतात.

पुरुषांचं अजून वेगळं. ज्यांनी बिडी ओढली त्यांना घरी-दारी एकच, स्वतःच्या हातानं करून घेतलं. तो माणूस मग बोलतच नाही, पंप लपवतो. ऑक्सिजनची नळी तर कोरोनापासून लोकांना शेवटच वाटते. ज्यांना डॉक्टर घरी ऑक्सिजन लिहून देतात त्यांना तो दिवसातून १५ तास तरी लावायचा असतो, पण कोणी घरी आलं की नळी काढून ठेवतात आणि लाईट गेली की त्या मशीनकडे बघून घरभर घबराट. लाईट गेल्यावर काय करायचं, हे मशीन देताना कोणी समजावतं का? आणि झोप लागत नाही म्हणून मेडिकलवरून मनानं झोपेची गोळी आणू नका बरं का, अशा पेशंटचा श्वास त्यानं मंदावू शकतो.

टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात. तो पंपाच्या चिठ्ठीवर शिक्का मारून द्यायला काय हरकत आहे? सुनेनं, लेकीनं फोन केला तरी चालेल, रात्र रात्र जागून आम्ही पण चिडचिड्या झालेल्या असतो.

तुमच्या वार्ताहरांनी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना एवढंच विचारावं, की सीबॅक फॉर्ममधल्या त्या शेवटच्या दोन प्रश्नांना कोणी हो म्हटलं तर पुढे त्या माणसाकडे कोण जातं. उत्तर मिळालं की छापा.

आपली,
एक वाचक, ता. अमळनेर, जि. जळगाव